मोटारसायकलची बॅटरी: प्रकार आणि आयुष्यमानामागचा इतिहास

फ्रान्सचे गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लेड-ॲसिड बॅटरी तयार केली. मात्र सुरुवातीच्या बऱ्याच मोटारसायकलींना बॅटरीची फारशी गरज नव्हती, कारण ठिणगीचे काम मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यातून स्वतःच वीज तयार करणारे यंत्र) करीत असे आणि इंजिन पायाने सुरू होई. बॅटरीची खरी परीक्षा सेल्फ स्टार्टने घेतली. अमेरिकेतील ‘इंडियन’ या मोटारसायकल कंपनीने १९१४ मध्ये ‘हेंडी स्पेशल’ हे मॉडेल विजेच्या स्टार्टरसह आणले, पण त्या काळच्या बॅटऱ्या हा भार पेलू शकल्या नाहीत आणि ते मॉडेल लवकरच मागे घ्यावे लागले. सेल्फ स्टार्टच्या मोटारसायकली सर्रास दिसू लागण्यासाठी १९६०चे दशक यावे लागले.

लेड-ॲसिड बॅटरी संपण्याची कारणे तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहेत. गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी आपोआप उतरते आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक स्फटिक साचतात. लगेच चार्ज केल्यास ते विरघळतात, परंतु तसेच राहिल्यास जाड होऊन कायमचे बसतात. धक्क्यांमुळे प्लेटांवरचे लेपन झडून तळाशी गाळ जमतो, तर उष्णतेने आणि अति चार्जिंगने पाणी आटते. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून निदान पाण्याची तूट तरी भरून काढता येते, आणि तिचा हा गुण आज उगाच विसरला जातो.

१९७०च्या दशकात पुढे आलेल्या एजीएम (ॲब्सॉर्बंट ग्लास मॅट) या लेड-ॲसिडच्याच सीलबंद प्रकारात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. ही चटई प्लेटांना घट्ट दाबून धरत असल्यामुळे लेपन सहजी झडत नाही, आणि चार्जिंगमध्ये सुटणाऱ्या ऑक्सिजनचे आतल्या आत पुन्हा पाणी होते. म्हणूनच पाण्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे चालते तिथे एजीएम तीन ते पाच वर्षे टिकू शकते. पण चार्जिंगचे व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज चढले, तर व्हॉल्व्हमधून निघून गेलेला वायू परत येत नाही आणि सीलबंद बॅटरीत वरून पाणीही घालता येत नाही. अशा वेळी दोष चार्जिंगचा असूनही बॅटरी बदलली जाते, आणि नवी बॅटरीही तितक्याच लवकर जाते.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली खरी, पण मोटारसायकलसाठी निर्णायक ठरले ते लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याविषयीचे संशोधन अक्षय पाधी, जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. तापल्यावर हे रसायन कोबाल्टवर आधारित सेलपेक्षा अधिक स्थिर राहते. शिवाय ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात, जे लेड-ॲसिडच्या सहा सेलच्या सुमारे १२.६ व्होल्टच्या अगदी जवळ आहेत. त्यामुळेच जुन्या बॅटरीच्या जागी ही बसवणे शक्य झाले. वजन लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी भरते; त्याशिवाय उभ्या गाडीत उतरण्याचा वेग फार कमी आणि सल्फेटचा प्रश्नच नाही, ही तिच्या दीर्घायुष्याची खरी कारणे होत. मात्र पूर्ण उतरू दिली किंवा शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केली, तर तिचे कायमचे नुकसान होऊ शकते. त्यामुळे कडक थंडीच्या प्रदेशात, किंवा रेग्युलेटर जुना असलेल्या गाडीत, एजीएम हीच अजूनही अधिक भरवशाची निवड ठरते.