पासष्ट वाव पाण्याखालचं कोकण

गणपती आटोपले, सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचं, गवत पिवळं पडायला लागलं, की आमच्याकडे दगड यायला सुरुवात होते. कुणी रुमालात बांधून आणतं, कुणी खताच्या रिकाम्या पिशवीतून. मागे एक गृहस्थ राजापूरहून एसटीने आले ते मांडीवर दीडेक किलोचा दगड घेऊनच. "सर, आदिमानवाची कुऱ्हाड. मुठीत कशी बसते बघा." मुठीत ती झकास बसत होती. पण दगड जांभा होता आणि जांभ्याची कुऱ्हाड होत नाही. चहा पाजून हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. जाताना ते दगड टेबलावरच ठेवून गेले. हल्ली त्याच्याखाली तपासायचे पेपर दबलेले असतात.

प्रागैतिहासिक पुरातत्त्व आणि मानवी उत्क्रांती हे माझे विषय, आणि शिकवायची जागा रत्नागिरी. घाटावरचे मित्र यावरून माझी थट्टा करतात. त्यांचं बरोबरच आहे. त्यांच्याकडे प्रवरेच्या काठी नेवाशाजवळ चिरकीला जमिनीतून हातकुऱ्हाडी निघतात. जळगाव जिल्ह्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचं कोरलेलं कवच निघतं, तेही सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. नर्मदेच्या गाळात हथनोऱ्याला १९८२ साली मानवी कवटीचा मोठा तुकडाच हाती लागला. आणि आमच्याकडे? कातळ. त्यावर पाऊस.

पण दगडाची गोष्ट अर्धी राहिली. माणसाने घडवलेला दगड ओळखायचा कसा, हा पहिला धडा मी फळ्यावर घेत नाही. विद्यार्थ्यांना चष्मा आणि हातमोजे घालायला लावून गारगोटी फोडायला देतो. गारगोटी, अकीक, चर्ट असे दगड काचेसारखे फुटतात. घाव बसतो तिथे कपचीच्या पोटावर एक फुगवटा येतो आणि तिथून तळ्यात खडा टाकल्यासारख्या लाटा उमटतात. दरीत कोसळलेला दगडही कधीकधी असा फुटतो. म्हणून एक खूण पुरत नाही. एकाच कडेवरून एकामागून एक कपच्या निघाल्या आहेत का, आधीच्या कपचीची खाच पुढच्या घावाने कापली आहे का, म्हणजे थोडक्यात दगडामागे काही बेत दिसतो का, ते पाहायचं. बेत ओळखायला डोळ्यापेक्षा हात लवकर शिकतो. ज्याची बोटं दोनदा ठेचली आहेत तो विद्यार्थी तिसऱ्या दिवशी हत्यार आणि खडी यांतला फरक बरोबर सांगतो.

जांभ्याचं तसं नाही. काळ्या बसाल्टवर लाखो वर्षं पाऊस पडून त्यातली सिलिका धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरलं, तो हा दगड. खाणीत ओला असतो तेव्हा चिरा कुऱ्हाडीनेही तासता येतो, उघड्यावर वाळला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटलं. घर बांधायला यासारखा दगड नाही. पण अंगभर भोकं, त्यामुळे घाव घातला की धार यायच्या ऐवजी भुगा होतो. कोकणातल्या माणसाला धारेसाठी ओढ्यातल्या गारगोट्या वेचाव्या लागल्या. त्या लहान, म्हणून बरीचशी हत्यारंही लहान, नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी. ती बाणाला किंवा लाकडी दांड्याला डिंकाने बसवायची. नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या किनाऱ्यावर अशी सूक्ष्म हत्यारं गोळा केली, आणि कांदिवलीला ओढ्यांच्या काठच्या थरांत त्याहून कितीतरी जुनी, मोठी हत्यारं शोधली. १९३९ साली त्यांनी त्यावर लिहिलं. आज त्या भागात इमारती आहेत. उत्तर कोकणचा तो थर पुन्हा बघायचा तर कुणाची तरी बिल्डिंग पाडावी लागेल.

हत्यारं निदान टिकतात. हाडांचं काय होतं ते वर्गात दाखवायला मी कोंबडीची तंगडी आणि व्हिनेगरची बरणी वापरतो. स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं. चार-पाच दिवसांनी काढलं की ते रबरासारखं वाकतं, जरा जाड असेल तर आठवडा लागतो. हाडाला ताठ ठेवणारं कॅल्शियमचं खनिज आम्लात विरघळून गेलेलं असतं. उरलेला मऊ भाग जमिनीत जंतू खातात. आता जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, त्यावर वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि हे दर वर्षी, हजारो वर्षं. आमच्या पायाखाली एक भलीमोठी व्हिनेगरची बरणीच आहे. इथे आदिमानवाचं हाड सापडलं नाही म्हणून इथे आदिमानव नव्हता, असं कुणी म्हणालं की मी बरणी पुढे करतो.

(एकदा ती बरणी झाकण न लावता स्टाफरूममध्ये राहिली. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.)

मातीने खाल्लं त्याहून जास्त समुद्राने झाकलं आहे. कोकणात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की परशुरामाने बाण मारला आणि समुद्र मागे हटून ही भूमी वर आली. भूशास्त्रातली अलीकडची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने जाते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाचा कडाका असताना, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. वर्गात १२० मीटर म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. म्हणून मी मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याला, त्यांच्यासमोर विचारलं, "पासष्ट वाव पाणी कुठे लागतं?" एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सहा फूट. तांडेल हसला. "पासष्ट वाव? तिथे जायचं तर डिझेल आणि बर्फ जास्त घ्यायला लागतो मास्तर. सकाळी जाऊन संध्याकाळी येण्यातलं नाही ते." मुलांनी पश्चिमेकडे पाहिलं. त्या पाण्याच्या जागी जमीन होती, नद्या होत्या, खाड्या होत्या, आणि शिंपले वेचायला आलेली माणसं असणारच. मुंबईसमोर हा उथळ, बुडालेला पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे येताना तो अरुंद होत जातो.

बर्फ वितळू लागलं तसं पाणी चढलं आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आलं. सरासरी काढली तर शंभर वर्षांत एक मीटरच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं. पण तो पट्टा जवळजवळ सपाट आहे, तिथे एक मीटर पाणी चढलं की किनारा बराच आत येतो. आजोबांच्या चुलीची जागा नातवाला भरतीत बुडालेली दिसली असेल.

याचा संबंध थेट मानवी उत्क्रांतीतल्या एका मोठ्या प्रश्नाशी आहे. आपल्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. आफ्रिकेतून निघालेली माणसं ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली ती कोणत्या वाटेने? एक मत असं की ती किनाऱ्या-किनाऱ्याने गेली. मासे, कालवं, तिसऱ्या नावाच्या शिंपल्या मिळत राहिल्या, डोंगर चढावे लागले नाहीत. हे मत खरं असेल तर ती वाट कोकणासमोरून गेली, आणि तिच्यावरचे मुक्काम आज पाण्यात आहेत. वाट आतल्या मुलखातून, नद्यांच्या खोऱ्यांतून गेली असं मानणाऱ्यांकडे दाखवायला हत्यारं आहेत. किनारावाल्यांकडे आहे समुद्र. मला स्वतःला दोन्ही वाटा वापरात असाव्यात असं वाटतं. कालवं फुकट असताना माणूस ती सोडून जाईल यावर माझा, कोकणातला असल्यामुळे, विश्वास बसत नाही.

मग जमिनीवर काय उरलं? काही गुहा. गुहागरजवळ पालशेतच्या सुसरोंडी गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना पुराश्मयुगीन, म्हणजे जुन्या दगडी युगातली, हत्यारं मिळाली. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेतही राज्याच्या पुरातत्त्व खात्याने खणून दगडी हत्यारं बाहेर काढली आहेत. आणि उरली कातळशिल्पं, म्हणजे सड्यांवरच्या उघड्या कातळात कोरलेली चित्रं.

ती हजाराहून अधिक आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे तुडवत, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारत फिरले, म्हणून एवढी नोंदली गेली. गावकऱ्यांना त्यातली पुष्कळशी ठाऊकच होती. पांडवांनी एका रात्रीत कोरलेली, असं सांगून ते मोकळे होत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. एसटी शेजारी उभी केली तर हत्तीचं शेपूट बाहेर उरेल. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत. बारसूला एक माणूस दोन वाघांच्या मधे उभा आहे. इतरत्र हरणं, मोर, कासवं, शार्क, पाकट. दुपारी बाराला नेलं तर मुलांना काही दिसत नाही, नुसता तापलेला कातळ. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर न्यायचं. तिरप्या उजेडात खाचेत सावली भरते आणि हत्ती उठून उभा राहतो.

तिथे पहिला प्रश्न ठरलेला. "सर, किती वर्षं जुनं?"

दहा हजार म्हणू, वीस हजार म्हणू, टाळ्या मिळतात. मी मुलांनाच आकडा काढायला बसवतो. कार्बन-१४? त्याला एकेकाळी जिवंत असलेलं काही लागतं, कोळसा, हाड, शिंपला. कोरण्याच्या क्रियेत कातळातून फक्त दगड निघून गेला. मग दुसरी पद्धत, प्रकाशदीप्तीची. ती मी पागोळ्यांवरून सांगतो. पागोळीखाली रिकामी कळशी ठेवली तर तिच्यातल्या पाण्यावरून पाऊस किती वेळ पडतोय याचा अंदाज येतो. वाळूतला क्वार्ट्झचा कण अंधारात गाडला गेला की आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्याच्यात असंच थेंबथेंब काहीतरी साठत जातं. ऊन लागलं की कळशी रिकामी. प्रयोगशाळेत अंधारात तो कण काढून मोजला की गाडला गेल्याला किती काळ झाला ते कळतं. पण कातळशिल्पांच्या खाचेतली माती दर पावसाळ्यात वाहून जाते आणि नवी येते. आमची कळशी दर आषाढात उपडी होते.

मग उरतो चित्रांचाच पुरावा. या चित्रांत शेती दिसत नाही. म्हणून कोरणारे शिकारी-संकलक असावेत, हा तर्क चांगला आहे. काही ठिकाणी गेंडा ओळखता येतो, आणि आज कोकणात गेंडा नाही. इथे मुलं आनंदाने उडी मारतात, की म्हणजे हिमयुग! तेव्हा मी गुजरातेतल्या लांघणजचं नाव काढतो. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा सूक्ष्म हत्यारांबरोबर गेंड्याचं हाड मिळालं. हिमयुग संपल्यावरही पश्चिम भारतात गेंडे चरत होते. तेव्हा गेंडा म्हणजे 'जुनं' एवढंच, 'किती जुनं' ते तो सांगत नाही. काहींना एका आकृतीत पाणघोडा दिसतो. तो खरंच पाणघोडा ठरला तर मात्र गोष्ट बदलेल, कारण भारतातले पाणघोडे हिमयुगाच्या अखेरीस नाहीसे झाले. त्या आकृतीसमोर मी मुलांना अर्धा तास गप्प बसून नुसतं बघायला सांगतो. नंतर निम्म्यांना ते डुक्कर वाटतं.

उत्क्रांती शिकवतानाचा अडथळा वेगळाच आहे. रांगेत चालणारी ती प्रसिद्ध आकृती, पुढे माणूस, मागे माकड, सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली. "मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?" हा प्रश्न पालकसभेतसुद्धा आला. मी भावकीचं उदाहरण देतो. चिंपांझी आपला पणजोबा नाही, चुलत घराण्यातला आहे. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी घर एक होतं, मग वाटणी झाली. त्यांनी त्यांची वहिवाट सांभाळली, आपण आपली. वाटण्या, सातबारा आणि चुलत्यांशी न बोलणं हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता पुन्हा दगडाकडे. गेल्या नोव्हेंबरात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने पाकिटातून एक कपची काढून माझ्यासमोर ठेवली. दुधी गारगोटी, बोटाच्या पेराएवढी. पोटावर फुगवटा, पाठीवर समांतर निघालेल्या तीन खाचा, एका कडेला बारीक टोचे. मी भिंग दोनदा पुसलं. जांभा नव्हता, खडी नव्हती. कुणीतरी बसून घडवलेली वस्तू होती.

"कुठे मिळाली?"

"आमच्या बागेत. कलमाच्या बुंध्याशी."

तिची बाग सड्यावरची. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून ट्रकने माती आणून भरायची आणि त्यात हापूसची कलमं लावायची, अशा या बागा असतात. म्हणजे कपची त्या जागेची नव्हतीच. तिच्याबरोबरचा थर, शेजारचे कोळसे, दुसऱ्या कपच्या, तिचं वय सांगू शकणारं सगळं कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या खड्ड्यात राहिलं होतं. मुलीचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी ती वडिलांची जुनी वही घेऊन आली. त्यात ट्रकवाल्याचा हिशेब होता, बारा खेपा. तिने त्याला फोन करून विचारलं होतं. माती तीन ठिकाणांहून आली, एवढं त्याला आठवत होतं. एका ठिकाणी आता चिऱ्याची खाण आहे, दुसरीकडे महामार्गाचं रुंदीकरण झालं. तिसरी जागा नदीकाठची, एका वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी, अजून तशीच आहे म्हणे. शनिवारी तिथे जायचं ठरलं आहे. जीपीएस, दोरी, सुतळी, कागदी पिशव्या, आणि दिसेल ती कपची जागेवरून उचलायची नाही, ही सूचना फळ्यावर दोनदा लिहिली आहे.