रिलीजची टार फाइल: चढवलेली की आपोआप बनलेली?

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर एखाद्या रिलीजखालचं (प्रकाशित आवृत्तीखालचं) ‘अॅसेट्स’ उघडलं की बरेचदा दोन टार-जीझेड (अनेक फायली एकत्र बांधून दाबलेली फाइल) दिसतात. एक प्रकल्पाच्या लोकांनी स्वतः चढवलेली. दुसरी ‘सोर्स कोड’ नावाची, गिटहब आपणहून देतं ती. उतरवून घेतल्यावर दोन्हींचं नाव पुष्कळदा एकच निघतं. इंदूरला रामबागेत रविवारी आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुलं पॅकेजिंग, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येईल असं बांधणं, शिकायला बसतात. त्यांतल्या एकीने दोन फोल्डरांत दोन्ही ठेवून विचारलं, “काका, नाव तेच, व्हर्जन तेच, मग ही एवढी मोठी कशी?”

दोन्हींच्या आतली यादी काढली की कळतं. चढवलेल्या फायलीत बिल्डची तयारी करणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार असते, कधी मॅन पानं (मदतीची पानं) सुद्धा, कारण ती फाइल वाटपाची टार बनवणाऱ्या ‘मेक डिस्ट’ आज्ञेने बांधलेली असते. आपोआप बनलेल्या फायलीत नुसतं ‘कॉन्फिगर डॉट एसी’ असतं, ज्यावरून ती स्क्रिप्ट बनते. म्हणजे आधी ‘ऑटोरीकॉन्फ’ चालवा, त्यासाठी ऑटोकॉन्फ-ऑटोमेक ही साधनं मशीनवर हवीत. सबमॉड्यूलच्या (आत जोडलेल्या दुसऱ्या प्रकल्पाच्या) जागी रिकामे फोल्डर मिळतात. शिवाय आत गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास नसतो, त्यामुळे ‘गिट डिस्क्राइब’वरून व्हर्जन काढणारे प्रकल्प तिथेच अडकतात.

पण पॅकेज करणाऱ्याला जास्त छळतो तो फरक वेगळाच आहे. आपोआप बनणारी फाइल कायमची कुठे ठेवलेली नसते, मागणी आली की टॅगवरून (आवृत्तीला गिटमध्ये दिलेल्या नावावरून) बांधली जाते. आतला कोड तसाच राहिला तरी कॉम्प्रेशन बदललं की बाइट बदलतात, आणि मग पॅकेज बांधायच्या रेसिपीत लिहून ठेवलेला शा-२५६ (फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा) जुळत नाही. ३० जानेवारी २०२३ला नेमकं हेच झालं. गिटच्या नव्या आवृत्तीने बाहेरच्या जीझिपऐवजी स्वतःचं कॉम्प्रेशन वापरायला सुरुवात केली, गिटहबने ती आवृत्ती लावली आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले. त्याच दिवशी बदल मागे घ्यावा लागला.

मग डोळे मिटून चढवलेलीच घ्यावी का? मार्च २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या प्रकरणाने याचं उत्तर दिलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतल्या बॅकडोअरचे (लपवलेल्या चोरवाटेचे) तुकडे टेस्ट फायलींच्या वेषात गिटमध्येही होते, पण त्यांना जागं करणारी ‘बिल्ड-टू-होस्ट डॉट एमफोर’ ही फाइल फक्त चढवलेल्या टारमध्ये होती. टारवरची डिजिटल सही खरी होती, कारण सही करणाराच आतला होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद हळू वाटलं आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला, म्हणून ते उघडकीला आलं.

तरीही माझं मत चढवलेल्या, सही असलेल्या फायलीकडेच झुकतं. ती निदान एका जागी स्थिर असते. मात्र ती टॅगशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. जास्तीची प्रत्येक फाइल कुठून आली हे सांगता आलं पाहिजे, आणि तयार ‘कॉन्फिगर’वर विसंबण्यापेक्षा तो नव्याने बनवलेला बरा. डेबियन या लिनक्स वितरणाची बिल्ड साधनं हल्ली तेच करतात.

चढवलेली फाइल नसेलच, तर आपोआप बनलेली एकदा उतरवा आणि आपल्या जागी ठेवा. डेबियन मूळ टार स्वतःच्या आर्काइव्हमध्ये ठेवतं, फेडोरा आणि जेंटू या लिनक्स वितरणांचेही असे साठे असतात: फेडोराचा लुकअसाइड कॅश, जेंटूचे डिस्टफाइल्स मिरर. मूळ साइट उद्या बंद पडली तरी पॅकेज बांधता यावं, हाच त्यामागचा विचार. गूगल कोड ही प्रकल्प ठेवण्याची साइट बंद झाली तेव्हा त्याची किंमत कळली. आपल्याला कॉलेजच्या सर्व्हरवरचा एक साधा फोल्डरही पुरतो. टारशेजारी शा-२५६ आणि कमिटचा (गिटमधल्या त्या नेमक्या नोंदीचा) पूर्ण हॅश लिहून ठेवा. नुसतं टॅगचं नाव पुरत नाही, टॅग हलवता येतो. आणि एकदा ठेवलेली फाइल त्याच नावाने कधीही बदलू नका. दुरुस्ती करायची झाली तर नाव नवं द्या, जुनी तिथेच राहू द्या.