विकास आराखड्यावर हरकत: गाळा भाड्याचा असला तरी अर्ज तुमचाच

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा मसुदा, आला की कारखान्यांच्या वस्तीत हमखास ऐकू येतं, "जागा आपल्या नावावर नाही, आपली हरकत कोण घेणार?" घ्यावीच लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ मध्ये शब्द आहेत 'कोणतीही व्यक्ती'. भाडेकरू, गाळेधारक, कामगार, चाळीतलं कुटुंब, सगळे त्यात आले. अट एकच, म्हणणं मुदतीत आणि लेखी हवं.

तरीही अर्ज घेणाऱ्या खिडकीवर मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद, मागतात. ती मालकाच्या नावावर असते आणि मालक ती देत नाही. एक मावशी तीन खेपा घालून रिकाम्या हाताने परतताना मी पाहिल्या आहेत. मिळकत पत्रिकेशिवाय हरकत घेता येत नाही, असं कलम २८ म्हणत नाही. भाडेपावती, वीजबिल किंवा गुमास्ता परवाना जोडा, आणि तरीही अडवलं तर नकार लेखी मागा.

मुदत चुकते ती मोजण्यात. ती राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून धावते. नाक्यावर फलक लागला किंवा पेपरात बातमी आली त्या दिवसापासून मोजाल, तर मधले दिवस हातातून गेलेले असतात. सूचना मिळवा, तिच्यावरची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि पोस्टाच्या भरवशावर राहू नका.

हरकत कुठे द्यायची हेही आधी विचारा. एमआयडीसीच्या (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) अधिसूचित क्षेत्रात सहसा एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी संस्था, असते, आणि धारावीसाठी वेगळं विशेष नियोजन प्राधिकरण आहे. पालिकेत दिलेला कागद तिथे आपोआप पोहोचत नाही.

आता मजकूर. "आमच्या पोटावर पाय देऊ नका" ही भावना खरी आहे, पण हरकती ऐकणाऱ्या समितीला त्यावरून काही बदलता येत नाही. सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक, तिथे आज काय चालतं, आराखड्यात काय दाखवलंय आणि त्याऐवजी काय हवं, एवढं लिहा. 'औद्योगिक पट्टा निवासी करू नये' यापेक्षा 'या नंबरवर बारा लेथ यंत्रं चालतात, वापर औद्योगिकच ठेवावा' हे वजनदार ठरतं. नकाशा पाहायला मिळतो, प्रमाणित उताराही विकत मिळतो. एकाच मजकुरावर दोनशे सह्या घेण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या गाळ्याची माहिती द्यावी.

नकाशाबरोबर विकास नियंत्रण नियमावलीही वाचा. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीचा, गिरणगावाचा, घास तिथेच गेला. १९९१ च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनीतून मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना मोठा वाटा ठेवला होता. २००१ च्या फेरबदलाने तो आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला, शेडखालची जमीन वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो फेरबदल कायम ठेवला. असे फेरबदल कलम ३७ खाली येतात, त्यावर हरकतीला एक महिना असतो आणि त्या सूचनेचा गाजावाजा होत नाही. वस्तीतल्या एकाने तरी राजपत्र नियमित पाहावं.

अर्जात शेवटी 'सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे' हे जरूर लिहा. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीच्या पत्रासाठी चाळीचा पत्ता खोली क्रमांकासह द्या आणि चालू मोबाइल नंबर लिहा.