झोनिंग शिथिलता (न्यू जर्सी)

झोनिंग शिथिलता : नगराच्या झोनिंग (जमिनीचे वापरानुसार विभाग पाडणाऱ्या) नियमावलीतील एखादी अट विशिष्ट भूखंडापुरती सैल करण्याची परवानगी. अमेरिकेतील इतर राज्यांतही ही प्रथा आहे. प्रस्तुत नोंद न्यू जर्सीपुरती आहे. तेथे 1975चा नागरी भूवापर कायदा 1 ऑगस्ट 1976पासून लागू असून त्यानुसार हे अर्ज दोन मंडळांपुढे येतात. नियोजन मंडळावर महापौर व नगर परिषदेचा एक सदस्य बसतो. ते मुख्य आराखडा, भूखंडांची विभागणी व स्थळ-आराखडे (जागेवरील इमारत, वाटा, पार्किंग यांची मांडणी) पाहते. समायोजन मंडळावर सात नियमित सदस्य असतात आणि निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला तेथे जागा नाही.

उगम सांगताना न्यू यॉर्क शहराच्या 1916च्या नियमावलीचा दाखला देण्याची प्रथा आहे. लॉस एंजेलिसने त्याआधी, साधारण 1908–09च्या सुमारास, निवासी व औद्योगिक भाग वेगळे केले होते. पण सगळ्या शहराला लागू होणारी आणि अपील मंडळाची जोड असलेली व्यवस्था म्हणून न्यू यॉर्कलाच अग्रमान देणे योग्य. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी मात्र झोनिंग सहजी मानले नाही. नटली येथील निवासी भागात दुकाने बांधण्यास केलेली मनाई 1923 साली टिकली नाही. त्यानंतर 1927 साली न्यू जर्सीच्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि 1928 साली कायदा आला. शिथिलतेचा आधार त्यात ‘अडचण’ हा होता. 1948च्या दुरुस्तीने वापर-शिथिलतेपुरती (विभागात निषिद्ध असलेल्या वापराच्या परवानगीपुरती) ही अट काढून ‘विशेष कारणे’ पुरेशी ठरवली. इतक्या मोघम शब्दांवर मंडळाला अधिकार देता येतो का, हा वाद ब्लूमफील्डमधील निवासी भागातल्या एका व्यापारी संकुलावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1952च्या ‘वॉर्ड विरुद्ध स्कॉट’ निकालात तो अधिकार वैध ठरला. पुढे शिथिलता फार सैलपणे मिळते अशी टीका झाली. 1987च्या ‘मेडिची’ निकालात साउथ प्लेनफील्डच्या औद्योगिक विभागातील मोटेलला नकार देताना न्यायालयाने पुराव्याची पातळी वाढवली : नगर परिषदेने हा वापर अनुज्ञेय वापरांच्या यादीतून का वगळला आणि तरीही तो येथे का बसतो, याची संगती अर्जदाराने लावायची. 1948ची सैल भाषा कायम ठेवूनही तिला बांध घालणारा म्हणून हा निकाल अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

प्रचलित कायद्यात शिथिलतेचे दोन मुख्य वर्ग असून ‘सी’ व ‘डी’ या अक्षरांनी ते ओळखले जातात. ‘सी’ वर्गात सामासिक अंतर (इमारत व हद्द यांतील मोकळी जागा), भूखंडाची रस्त्याकडील दर्शनी रुंदी, पार्किंगची संख्या अशी मापे येतात. अडचण जमिनीची हवी : भूखंड अरुंद, उथळ, वेडावाकडा, उतारावरचा. मालकाचे नुकसान किंवा त्याने स्वतः ओढवलेला पेच चालत नाही. 75 फूट दर्शनी रुंदी लागते तिथे 50 फुटांचा भूखंड असेल, तर शेजारची पट्टी विकत घेण्याचा, किंवा स्वतःचा भूखंड वाजवी भावाने शेजाऱ्याला देऊ करण्याचा प्रयत्न केला होता का, हे मंडळ विचारते. त्याची पत्रे फायलीत नसली की चांगला अर्जही अडकतो. 1984पासून ‘सी’ वर्गाला दुसरा मार्गही मिळाला : लाभ हानीपेक्षा ठळकपणे जास्त असल्याचे दाखवणे.

‘डी’ वर्गात निषिद्ध वापर, बेकायदा नसलेल्या पण नियमबाह्य जुन्या वापराचा विस्तार, सशर्त वापराच्या (ठराविक अटींवर परवानगी असलेल्या वापराच्या) अटींचा भंग, चटई क्षेत्र निर्देशांक, घनता आणि 10 फूट किंवा 10 टक्क्यांहून जास्त वाढीव उंची येते. हे अर्ज समायोजन मंडळाकडेच जातात, सोबतचा स्थळ-आराखडाही तेच पाहते. मंजुरीला पाच होकारार्थी मते लागतात. पाचच सदस्य हजर असतील तर एका नकाराने प्रकरण पडते, म्हणून वकील अशा बैठकीत पुढची तारीख मागून घेतात. गैरहजर सदस्य ध्वनिमुद्रण ऐकून किंवा उतारा वाचून तसे लेखी प्रमाणित करेल, तर पुढच्या बैठकीत मत देऊ शकतो.

व्यापारी प्रस्ताव अनेकदा फसतात ते सुनावणीच्या नोटिशीत. सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी 200 फुटांच्या आतील मालकांना ती पोचवावी लागते आणि जाहीरपणे प्रसिद्ध करावी लागते. नकाशेही तितकेच आधी पाहण्यास खुले हवेत. मजकूर सामान्य माणसाला कळेल असा हवा. लेसी टाउनशिपमधील के-मार्ट (दुकानांची साखळी) संकुलाच्या नोटिशीतून तेथे व्यापारी संकुल येणार हे कळत नव्हते. 1996 साली अपील न्यायालयाने ती अपुरी धरून मंजुरी रद्द केली. एडिसनसारख्या मराठी वस्ती असलेल्या नगरांतही अशी प्रमाणित टपालाची पत्रे घरी येतात आणि बिनमहत्त्वाची म्हणून बाजूला पडतात.

सुनावणी अर्धन्यायिक असते. साक्ष शपथेवर, उलटतपासणीला वाव, कंपनी असल्यास वकील सक्तीचा; मंडळाच्या अभियंत्याचे व नियोजकाचे शुल्क अर्जदाराच्या अनामत रकमेतून वळते होते. शेजारी बहुधा रहदारीवर बोलतात. वापर त्या विभागात अनुज्ञेय असेल तर केवळ बाहेरच्या रस्त्यावरील वर्दळीसाठी स्थळ-आराखडा नाकारता येत नाही (नॉर्थ ब्रन्सविक नगराच्या प्रकरणातील 1984चा निकाल). प्रवेशमार्गाचे वळण, मालट्रकांची वेळ, दिव्यांची झाकणे यांवर आग्रह धरणाऱ्यांच्या हाती निदान अटी तरी लागतात. नव्या दुकानामुळे जुन्याचा धंदा बसेल, हा मुद्दा ग्राह्य नाही. मंजूर शिथिलता जमिनीला चिकटते, मालक बदलला तरी टिकते. लेखी ठराव 45 दिवसांत होतो. त्याच्या प्रसिद्धीपासून 45 दिवसांत वरिष्ठ न्यायालयात दाद मागावी लागते.

महाराष्ट्रात असे मंडळ नाही. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 64नुसार ‘उघड दिसणारी अडचण’ असल्यास आयुक्त लेखी कारणे देऊन मापे शिथिल करू शकत. चटई क्षेत्र निर्देशांक सामान्यतः त्याबाहेर होता. विभागबदलासाठी 1966च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37खाली एक महिना हरकती-सूचना मागवून फेरबदल शासनाकडे पाठवला जातो.