पहिल्या टाकीतले यीस्ट

यीस्ट सांडपाण्यात शिरले ते पाणी साफ करायला नव्हे, पशुखाद्य पिकवायला. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची (हवा सोडून जीवाणूंचा गाळ वाढवायची) पद्धत मांडली आणि पाणी साफ करण्याचे काम बॅक्टेरियांकडे गेले. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धात अडकलेली जर्मनी मळीवर यीस्ट वाढवून प्रथिने मिळवत होती. दुसऱ्या महायुद्धात मळीऐवजी सल्फाइट कागदगिरण्यांचे टाकाऊ पाणी आले. वाफेने सल्फर डायऑक्साइड उडवायचा, अमोनिया आणि फॉस्फेट घालायचे, जोरात हवा सोडून कॅंडिडा युटिलिस हे यीस्ट वाढवायचे. साखर आणि ॲसिटिक आम्ल संपे, पण लिग्निन (लाकडातला चिवट घटक) तसेच राही, म्हणून पाणी काळेच. ही मर्यादा आजही सुटलेली नाही; मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचा) रंगही यीस्टला आवरत नाही.

स्वीडनच्या सिम्बा प्रक्रियेने बटाटा कारखान्यांचे पिठूळ पाणी घेतले. कॅंडिडाला स्टार्च पचत नाही, म्हणून पहिल्या टाकीत स्टार्च फोडणारे दुसरे यीस्ट ठेवले.

खरा बदल जपानमध्ये झाला. साके बनवताना निघणाऱ्या तांदळाच्या धुवणावर हॅन्सेनुला अनोमाला हे यीस्ट वापरताना पाणी साफ करणे हाच हेतू होता, यीस्ट हे उपउत्पादन. १९९६ साली चिगुसा आणि सहकाऱ्यांनी खाद्यतेल कारखान्याच्या पाण्यासाठी ९ यीस्टांचे मिश्रण वापरले. तेल आधी वेगळे न काढताच पाणी टाकीत घेता येते, हा यातला मोठा फायदा.

टाकी बिघडते ती बहुधा सामूवरून (पीएच). तो ४ ते ५ ठेवला तर बॅक्टेरिया मागे पडतात. अमोनियम सल्फेट दिले की यीस्ट अमोनिया उचलते आणि सामू कोसळतो; पाण्यात सेंद्रिय आम्ले असतील तर ती खाल्ली जाऊन सामू चढतो, आणि ६ च्या पुढे टाकी हळूहळू बॅक्टेरियांची होते. नत्राचा हिशेबही वेगळा: १०० किलो साखरेतून सुमारे ५० किलो कोरडे यीस्ट, त्यात ४ किलो नत्र, म्हणजे जवळजवळ ९ किलो युरिया. इथे काटकसर केली की पेशी लांबट, तंतूसारख्या वाढतात आणि गाळ बसत नाही.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. मुंबईच्या समुद्रातून मिळालेले यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट पुण्याच्या एनसीआयएम या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहात ३५८९ क्रमांकाने आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्याने पामतेल गिरणीच्या पाण्याचा सुमारे २,५०,००० मि.ग्रॅ./लि. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे रासायनिक माप) दोन दिवसांत ९५ टक्के उतरवला. आकडा देखणा आहे, पण उरलेले ५ टक्के म्हणजेही १२,५०० मि.ग्रॅ. म्हणूनच पुढे रासायनिक साका (रसायन घालून गाळ खाली बसवणे) आणि बागेच्या मातीतल्या जीवाणूंचा टप्पा जोडावा लागला. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३० मि.ग्रॅ./लि. ही मर्यादा असताना यीस्टची टाकी शेवटची ठेवणे ही आखणीचीच चूक.

धातूंसाठी तर यीस्ट जिवंतही लागत नाही. पेशीभित्तीवरचे फॉस्फेट आणि कार्बोक्सिल गट शिसे धरून ठेवतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांना १ पीपीएमपेक्षा (दशलक्षात एक भाग) कमी शिसे असलेल्या पाण्यात १ ग्रॅम मृत, कोरड्या यीस्टने १२ मि.ग्रॅ.पर्यंत शिसे पाच मिनिटांच्या आत शोषलेले दिसले. अडचण पुढची: इतक्या बारीक पेशी पाण्यातून परत काढायच्या कशा? २०२४ मध्ये त्यावर यीस्ट आत कोंडलेल्या हायड्रोजेलच्या (पाणी धरणाऱ्या जेलच्या) कुप्यांचा उपाय आला. त्या गाळणीत भरता येतात, मात्र शिशाने भरल्यावर त्यांची विल्हेवाट घातक कचरा म्हणूनच लावावी लागते.