उंदराच्या पाठीवरचा तो कान माणसाचा नव्हताच

केस नसलेला गुलाबी उंदीर आणि त्याच्या पाठीवर अख्खा कान. या फोटोखाली वर्षानुवर्षं एकच ओळ फिरतेय: 'माणसाचं जनुक घालून उंदराला कान उगवला.' १९९९ साली अमेरिकेत जनुकबदलाच्या विरोधातल्या एका जाहिरातीतही हा फोटो वापरला गेला होता.

फोटो खरा, ओळ खोटी. त्या कानात माणसाची एक पेशीसुद्धा नव्हती!

अमेरिकी संशोधक चार्ल्स व्हॅकान्टी आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलाच्या कानाबरहुकूम त्यांनी पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या तंतूंची सच्छिद्र जाळी घडवली. शस्त्रक्रियेतले आपोआप विरघळणारे टाके असतात ना, त्यांतलाच हा एक पदार्थ. त्यावर वासराच्या कूर्चेच्या (म्हणजे कानात असतं तसल्या लवचिक, मऊ हाडाच्या) पेशी पेरल्या आणि ती जाळी उंदराच्या कातडीखाली बसवली. या जातीच्या उंदरांची प्रतिकारशक्ती जन्मतःच लुळी, म्हणून परक्या पेशी खपून गेल्या. टक्कलही त्याच जन्मजात दोषाचं. १२ आठवड्यांत कूर्चा तयार झाली, जाळी विरत गेली. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तो नुसता आकार.

माझ्या मते खरी करामत जाळीतल्या भोकांची. भोकं एकमेकांना जोडलेली नसतील तर आतल्या पेशी उपाशी मरतात. तंतूंच्या गुंत्यात ती कशीही पडतात. म्हणून आता काही संशोधक सूक्ष्म मणी दाटीनं रचतात, मधल्या फटींत पदार्थ ओततात आणि मग मणी विरघळवून टाकतात. उरतं ते सारख्या भोकांचं, मधाच्या पोळ्यासारखं नेटकं घर.