काही लागलं तर सांग

"काही लागलं तर सांग हं. अगदी हक्काने सांग."

माझ्या एका शाळासोबत्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. यकृतापर्यंत पोचलेला, म्हणजे चौथ्या टप्प्याचा. पहिल्या आठवड्यात हे वाक्य आपल्याला किती जणांनी ऐकवलं हे त्याने मोजून ठेवलं होतं. एकोणतीस. त्यातला एक मी. "आणि मी कुणालाच काही सांगितलं नाही," तो नंतर म्हणाला. "काय लागेल ते आधी मला कळायला हवं. मग कुणाला सांगायचं ते ठरवायचं, फोन करायचा, समोरचा नाही म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही. एवढं त्राण असतं तर भाजी मीच नसती का आणली?"

पहिल्या केमोनंतर दोन दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. भर मे महिना, म्हणून येताना बर्फ घातलेलं कोकम सरबत नेलं. त्याने पेला हातात घेतला आणि चटका बसावा तसा टीपॉयवर ठेवला. त्याच्या केमोत ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध होतं. त्यामुळे संवेदना वाहणाऱ्या नसांमधली सोडियमची दारं नीट मिटत नाहीत, आणि गार वस्तूला नुसता स्पर्श झाला तरी बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो. डोसनंतर काही दिवस फ्रिजचं दार उघडणंसुद्धा नको होतं. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला आमच्यातला एकजण कोमट पाण्याचा थर्मास घेऊन गेला. काही बोलला नाही, नुसता खाटेशेजारी ठेवून आला.

आधार या शब्दाबद्दल संशोधकांनी गेल्या चाळीसेक वर्षांत जे शोधलं, त्यातलं बरंचसं या सरबत आणि थर्मासच्या मधल्या अंतरात बसतं.

आधी एक कडू गोष्ट. नायल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रिया आणि त्यांच्या निकटच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानानंतर चार महिन्यांनी आणि पुन्हा दहा महिन्यांनी दोन्ही बाजूंना प्रश्न विचारले होते. बाईचं शरीर थकलेलं दिसलं की माणसं मदतीला सरसावत होती. पण ती मनाने खचलेली, रडवेली, चिडचिडी दिसू लागली की हीच माणसं हळूहळू मागे सरत होती. म्हणजे आधाराची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच तो आटतो. हे वाचल्यावर मला आमच्यातला एकजण आठवला. रोज फोन करणारा हा गडी तिसऱ्या केमोनंतर एकदम गप्प झाला. आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडली. आता वाटतं, तो दुष्ट नव्हता. समोरच्याचं रडणं आपल्याला थांबवता येत नाही ही असहायता त्याला पेलली नाही, इतकंच. तरी त्याने फोन करायला हवा होता हे माझं मत कायम आहे.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. मित्रांमुळे माणूस जास्त जगतो का?

१९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांचा एक निष्कर्ष आला आणि खळबळ उडाली. शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रिया. त्यांतल्या काहींना वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसवून मनमोकळं बोलू दिलं, वेदना सोसण्यासाठी स्वसंमोहन शिकवलं. बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. अभ्यास मुळात मनःस्थिती आणि वेदना यांचा होता. पण दहा वर्षांनंतर कोण किती जगलं ते पाहिलं, तर गटात बसलेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने आणि बाकीच्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! एखाद्या गोळीने हे केलं असतं तर ती गोळी बनवणारी कंपनी रातोरात गब्बर झाली असती.

विज्ञानात अशा वेळी करायचं काम एकच, तोच प्रयोग पुन्हा करून पाहणं. कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तो केला. २००१ मध्ये निकाल लागला: एका गटात १७.९ महिने, दुसऱ्यात १७.६. फरक शून्यातच जमा. स्पीगल यांनी स्वतः १२५ स्त्रियांवर पुन्हा करून पाहिला, २००७ मध्ये छापला, आणि आयुष्य वाढल्याचं एकंदरीत दिसलं नाही हे कबूल केलं. आपलाच गाजलेला निष्कर्ष असा आपल्याच हाताने तपासायला छाती लागते. मात्र गुडविन यांच्या अभ्यासातली दुसरी अर्धी गोष्ट फार कुणी सांगत नाही. गटात बसलेल्या स्त्रियांचं मन हलकं झालं होतं आणि दुखणंही कमी जाणवत होतं, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना.

मग मैत्रीचा आयुष्याशी काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळ्या वाटेने. अमेरिकेत हजारो परिचारिकांच्या तब्येतीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. त्यातल्या स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,८३५ जणींची माहिती कँडिस क्रोंकी यांनी २००६ मध्ये मांडली. निदानाआधीपासून ज्यांचा गोतावळा अगदी तुटपुंजा होता, त्यांच्यात कुठल्याही कारणाने मृत्यू येण्याचं प्रमाण माणसांत असलेल्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी जास्त होतं, आणि स्तनाच्या कॅन्सरने येण्याचं दुपटीने. गंमत अशी, की मनातलं सांगायला हक्काचं एक माणूस आहे की नाही, याचा इथे संबंध दिसला नाही. दिसला तो मित्रमैत्रिणी, नातेवाईक, मुलं असण्याचा. संशोधकांचा अंदाज असा, की ही माणसं प्रत्यक्ष काळजी घेतात. डॉक्टरकडे नेतात, औषधाची आठवण करतात, "हे अंगावर काढू नकोस" म्हणून मागे लागतात. सात लाखांहून जास्त अमेरिकन रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासातही असंच चित्र आहे: विवाहितांचा कॅन्सर लवकर सापडतो आणि उपचार पुरे होतात. घरात कटकट करणारं कुणीतरी असतं ना!

पण प्रकरण इतकं सरळ नाही. बीजाशयाच्या कॅन्सरच्या १६८ रुग्णांचा सुसान लुटगेंडॉर्फ यांचा २०१२ चा अभ्यास नेमका उलटा बोलतो. तिथे कामाच्या मदतीचा आयुष्याशी संबंध लागला नाही, जिव्हाळ्याचा लागला. याच गटाचं आणि ह्यूस्टनच्या अनिल सूद यांचं प्रयोगशाळेतलं काम या कोड्याची एक बाजू उजळतं. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत नॉरअॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं गाठीच्या पेशींवरच्या खुंट्यांना जाऊन चिकटतात. मग त्या पेशी स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मागवतात आणि गाठ जोमाने वाढते. हे उंदरांचं. माणसांत ताण कमी केला की गाठ आक्रसते, असं कुणी दाखवलेलं नाही, आणि तसं छातीठोक सांगणाऱ्या बाबा-बुवांपासून लांबच राहावं.

हात धरण्याबद्दल मात्र सांगायला हवं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. कधी नवऱ्याने हात धरला, कधी परक्या माणसाने, कधी कुणीच नाही. हात धरला की मेंदूतले धोक्याची घंटा वाजवणारे भाग शांत होत. परक्याच्या हातानेही थोडे, नवऱ्याच्या हाताने जास्त, आणि संसार सुखाचा असेल तर त्याहून जास्त. झटका तोच, मेंदूचं काम कमी. प्रयोग लहान आहे, पण पेट स्कॅनच्या आधी सुई टोचताना आमच्या मित्राचा हात धरून बसलेला दाढीवाला पन्नाशीचा बुवा मी पाहिलाय, त्यामुळे मला तो पटतो.

जे अजिबात पटत नाही ते म्हणजे "पॉझिटिव्ह राहा." जेम्स कॉइन यांनी २००७ मध्ये डोकं आणि मान यांच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची आकडेवारी मांडली. कोण किती आनंदी, कोण किती उदास, याचा जगण्याच्या कालावधीशी काडीचाही संबंध नव्हता. आता "मन खंबीर ठेव, मग बघ कसा पळतो कॅन्सर" या वाक्याचा पेशंटच्या कानाने अर्थ लावून पाहा. रिपोर्ट वाईट आला, तर दोष कुणाचा? पेशंटचाच, मन खंबीर ठेवलं नाही म्हणून. आजाराचं ओझं कमी होतं म्हणून वर हे. अमक्याच्या मेव्हण्याला कुठल्याशा पाल्याच्या रसाने बरं वाटलं, हा व्हॉट्सअॅपवरचा निरोपही त्याच जातीचा. काही पाले आणि काढे यकृतावर ताण आणतात, केमोच्या औषधांत ढवळाढवळ करतात. मित्राला खरंच काही पाठवायचं असेल तर रिचार्ज मारून पाठवा.

आपल्याकडे एक अडचण याच्याही आधी येते. मित्रांना कळतच नाही. घरात तो शब्द उच्चारत नाहीत. "गाठ आहे," "तसलंच काहीतरी आहे," इतक्यावर भागवतात. मुलीचं लग्न ठरायचं असतं, दुकानाचं गिऱ्हाईक असतं, शिवाय हा रोग शिवाशिवीने होतो अशी भीती अजून पुरती गेलेली नाही. (होत नाही. एका ताटात जेवा.) कित्येक घरांत तर सगळ्यांना ठाऊक, फक्त पेशंटला नाही, आणि पेशंटलाही ठाऊक, पण तो घरच्यांसाठी ठाऊक नसल्याचं दाखवतो. अशा घरात मित्र जाऊन बोलणार काय? हवापाण्यावर बोलून उठतो. आमच्या मित्राने पंधरा दिवस कुणाला कळू दिलं नाही. मग एका रात्री शाळेच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या: काय झालंय, कुठे उपचार चालू आहेत, फोन बायकोला करू नका, आणि कुणीही 'लढ' म्हणू नका.

उलट मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर जाऊन पाहा. बिहार, बंगाल, ईशान्येकडून आलेली कुटुंबं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली माणसं. लपवण्याजोगं काही उरलेलंच नसतं, म्हणून दोस्ती झटकन जमते. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, कुठे औषध स्वस्त, कुणी रांग धरायची, कुणी पोळ्या लाटायच्या. स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली 'व्ही केअर' ही संस्था याच अनुभवाला कामाला लावते. तरी 'समदुःखी भेटले की बरं वाटतं' हेही सरसकट खरं नाही. विकी हेल्गेसन यांनी ३१२ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, आजाराची नीट माहिती देणाऱ्या गटांचा फायदा झाला, नुसत्या आपसात बोलणाऱ्या गटांचा सरसकट झाला नाही. घरी आधार नव्हता त्यांना झाला. ज्यांना घरी भरपूर आधार होता, त्यांच्यापैकी काहींना उलट त्रासच झाला.

माहितीचं महत्त्व मित्रांनाही तितकंच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. 'काउंट पडले' म्हणतात ते हेच. त्या दिवसांत सर्दी-खोकला घेऊन भेटायला जाणं म्हणजे प्रेम नव्हे. आणि त्या दिवसांत ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते, फोन लावून थेट हॉस्पिटल गाठायचं असतं, कारण लढायला पेशीच नसल्या की जंतू काही तासांत रक्तात पसरतात. रात्री दोनला गाडी काढणारा मित्र तेव्हा हजार सुविचारांना भारी पडतो.

आमच्यातल्या एकीने वहीच केली. ज्या दिवशी केमो, त्या दिवशी कोण नेणार. त्याच्या कमरेला औषधाचा पंप लावून घरी सोडत, तो जवळजवळ दोन दिवस चाले. मग काढायला कोण नेणार. डबा कुणाचा, बिनमसाल्याचा. त्याच्या मुलाला गणिताला कोण बसवणार. विम्याच्या कागदांसाठी कोण हेलपाटे घालणार. त्याला कुणी काही विचारायचं नाही, फक्त "मंगळवारी मी येतोय" असं कळवायचं. बोल्गर यांचाच २०००चा एक अभ्यास इथे आठवतो. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची परीक्षा देणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी रोज डायरी लिहिली. जोडीदाराने मदत केल्याचं लिहिलं, पण परीक्षार्थीला ती मदत म्हणून जाणवलीच नाही, असे दिवस सगळ्यात चांगले गेले. 'मला मदत होतेय' हे कळलं की आपण दुबळे झालो हेही कळतं. वहीवाली बाई मानसशास्त्र शिकलेली नाही, बँकेत कॅशियर आहे.

ऑक्झालिप्लॅटिन सहा महिन्यांनी बंद केलं. हातापायांच्या बोटांत थोडा बधिरपणा राहिलाय, गारव्याचा त्रास गेला. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. ग्रुपवर एवढंच येतं: "गुरुवारी, साडेआठ." ज्याची पाळी असते तो गाडी काढतो आणि मागच्या सीटवर कोमट पाण्याचा थर्मास टाकतो. "आता मला थंड चालतं रे," तो दरवेळी सांगतो, आणि थर्मासचंच पितो.